लाँचची वेळ आणि अकरा फोटो

लिओकाडियाला मी पाचवीत शिकवलं. तेव्हाही ती फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची नाही. चार ओळी लिहायची आणि वही मिटायची. मी खवळलो की म्हणायची, "मास्तर, बाकीचं तुम्ही बोलायचं म्हणून बोललात." पुढे ती म्वान्झा शहरात जाऊन वेबसाइट बनवायचं शिकून आली, मी निवृत्त होऊन आमच्या बेटावरच्या लाँचमालक संघाचा सचिव झालो. राग मला अजून येतो, पण तिचा नाही.

आमच्या लाँचला ठरलेली वेळ नाही. तशी ती दुपारची, पण सरोवरावर वारा सुटला की उशिरा, पलीकडे मासळीबाजार असला की पहाटे. माणसं गाठोडी घेऊन वाळूत बसून राहतात. गेल्या वर्षी न्याब्वेके नावाची बाई अशीच दुपारी आली आणि लाँच सकाळीच गेलेली. ती बेटाच्या मागच्या अंगाला राहते, सुकट वाळवून विकते. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरतोय. पलीकडे डोळ्यांचे डॉक्टर वर्षातून एकदाच येतात, चार दिवस, आणि तो शेवटचा दिवस होता. ती ओरडली नाही, रडली नाही. गाठोडं उचललं आणि तीन तासांची वाट परत चालू लागली. लिओकाडिया धक्क्यावर चहा पीत होती. तिचा चहा तसाच राहिला.

आठवड्याभरात ती माझ्याकडे आली. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर तिने एक चौकोन काढला होता. त्यात चार ओळी: आज लाँच आहे का, किती वाजता, कुठल्या धक्क्यावरून, आणि विचारायला एक नंबर.

"एवढीच वेबसाइट?" मी विचारलं.

"मास्तर, ज्या बाईच्या डोक्यावर टोपली आहे तिला तीन मोजेपर्यंत कळलं पाहिजे. चौथ्याला तिची टोपली पडते."

तो कागद घेऊन ती दोन दिवस धक्क्यावर फिरली. कोळणींसमोर धरायची आणि विचारायची, लाँच कधी आहे? जिथे बोट अडखळायचं तिथली ओळ खोडून नवी लिहायची. म्हाताऱ्यांसाठी आकडे मोठे केले. मी इतकी वर्षं मास्तरकी केली, पण असा धडा मी कधी तयार केला नाही.

लाँचच्या वेळा फक्त संघाला माहीत असतात, म्हणून संघाची संमती हवी होती. इथे सगळं बोंबललं.

आमचे चेअरमन मजुरा. तीन लाँचींचे मालक, माणूस वाईट नाही. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "पोरी, नमस्कार कुठाय?"

"काका, ही वेळ सांगायची पाटी आहे."

"तुझ्या घरी कुणी आलं आणि रामराम नाही, खुशाली नाही, थेट म्हणालं, जेवायला वाढ. चालेल तुला?"

सगळे हसले. खरं सांगतो, मलाही ते पटलं. आमच्याकडे बैठक सुरू होते ती हजर असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं हुद्द्याप्रमाणे नाव घेऊन. एक नाव चुकलं तर तो माणूस वर्षभर बोलत नाही. मग वेबसाइट उघडताच आधी चेअरमनचा फोटो आणि स्वागत, मग उपाध्यक्ष, मग खजिनदार, असं सुरू झालं आणि अकरावर थांबलं.

"खाली टाकते," लिओकाडिया म्हणाली. "वेळ वर, तुम्ही सगळे खाली."

"जेवण झाल्यावर रामराम?" उपाध्यक्ष म्हणाले.

"मग बारीक फोटो लावू."

"बारीक? आम्ही काय चोर आहोत ओळखपरेडीतले?"

"अहो, मागच्या अंगाला नेट मिळतं ते एका टेकडीवर. एकेक फोटो उतरायला जीव जातो. वेळ खाली राहिली तर ती दिसायच्या आधी बायकांचं नेट संपेल."

खजिनदारांनी मोबाइल वर धरला. "माझ्यावर तर झटकन उघडतं." त्यांचं घर टॉवरच्या बुडाशी आहे.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. पण नववा फोटो माझा होता. जावयाचा कोट घालून काढलेला, आणि बायको म्हणाली होती, शोभतो तुम्हाला. मी चष्मा पुसत बसलो.

लिओकाडियाने हार मानली. नुसती वेबसाइट असून काय उपयोग, वेळा तर आमच्याकडे. उद्घाटनाला बोकड कापला आणि अडीच तास भाषणं झाली. तिचं नाव कुणी घेतलं नाही, कारण तिला हुद्दा नव्हता. त्यानंतर ती रोज न चुकता वेळ भरायची. मागच्या अंगाला जाऊन न्याब्वेकेलाही तिने पान कसं उघडायचं ते शिकवून ठेवलं. "या वर्षी तुमचा डोळा झालाच पाहिजे, मावशी," म्हणाली.

डॉक्टर आले. न्याब्वेकेला गुरुवारी बोलावलं होतं, म्हणजे पुन्हा शेवटच्याच दिवशी. लिओकाडिया तिला उतरवून घ्यायला बुधवारीच पलीकडे गेली. त्या दिवशी ठरलं की गुरुवारी बाजार आहे, लाँच उजाडतानाच सुटणार. तिने पलीकडूनच वेळ बदलली. न्याब्वेकेला फोनही लावत राहिली, पण टेकडीवरून खाली उतरलेला फोन लागतो कशाला.

गुरुवारी दुपारी मी धक्क्यावर तिकिटांच्या टेबलाशी होतो. न्याब्वेके आली. धुतलेला कांगा अंगाभोवती गुंडाळलेला, हातात जेवणाचा डबा. मोकळं पाणी पाहिलं आणि उभी राहिली.

"लाँच सकाळीच गेली, मावशी," मी म्हणालो. "वेबसाइटवर होतं. बघितलं नाहीत?"

"बघितलं ना. काल टेकडी चढून गेले होते." तिने मोबाइल डोळ्याला चिकटवून मग माझ्यापुढे धरला. "आधी चेअरमन आले. हळूहळू आले, वरून खाली. टाय छान आहे त्यांचा. त्यांनी रामराम केला, सगळं वाचलं मी. मग दुसरे कोणी यायला लागले, कपाळापर्यंत आले, आणि माझं नेट संपलं."

पडद्यावर अजून ते तसंच होतं. उपाध्यक्षांचं कपाळ आणि खाली पांढरं. मला वाटलं पाण्यात उडी घ्यावी.

"मग मी म्हटलं, नेहमीसारखी दुपारचीच असेल." तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "डॉक्टर आता परत पुढच्या जूनमध्येच ना?"

"हो."

"तोवर दिसेल का हो मला?"

मी टेबलावरची तिकिटं सारखी करू लागलो. ती वळली. चार पावलं गेली आणि परत आली. "मास्तर, चेअरमनना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एवढा केला, माझा उलटा करायचा राहिला. वाईट दिसतं."

शनिवारी बैठक झाली. लिओकाडिया आल्या आल्या उभी राहिली. नावं घेतली नाहीत, नमस्कार नाही. "फोटो काढा. आजच," म्हणाली. चेअरमननी तिला हाताने खाली बसवलं, आधी सचिवांकडे काही पत्रव्यवहार असेल तर तो होऊ दे, म्हणाले. मी उठलो. सगळं सांगायचं असं ठरवून उठलो होतो, टेकडी, कपाळ, डबा, सगळं. सुरुवात न्याब्वेकेच्या नमस्कारापासून केली.

चेअरमनचा चेहरा फुलला. "ऐकलंत? मागच्या अंगापर्यंत पोचलो आपण. आणि ही पोरगी म्हणते फोटो काढा." टाळ्या वाजल्या. "सचिव, इतिवृत्तात घ्या हे. पहिला अभिप्राय."

मी तोंड उघडलं, पण पुढचा विषय सुरू झाला होता. लिओकाडिया माझ्याकडे बघत होती, पाचवीत बघायची तशीच, वही मिटून.

मी पेन उचललं आणि लिहून घेतलं.