पैलवानाची पट्टी

धाकट्याच्या दुकानात खुर्ची एकच, आणि ती थोरल्याची. गुडघ्याने दगा दिल्यापासून थोरला रोज सकाळी यायचा, दारात खुर्ची टाकायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "बिनघोर ठेवून जा. माझा भाऊ आहे. चेनसॉची पट्टी दुरुस्त करावी तर यानेच. बाकीचे नुसती कानस घासतात."

धाकटा मान वर न करता म्हणायचा, "दादा, उजेड अडवू नकोस."

आता बढाई थोरल्याच्या रक्तातच होती, पण ही बढाई खोटी नव्हती. साखळी ज्या पट्टीवरून धावते तिच्या काठावर धाकटा नुसता अंगठा फिरवायचा आणि चालवणाऱ्याची कुंडली मांडायचा. "साखळी बोथट झाली तरी रेटतोस. तेल टाकायचा आळस करतोस. बरोबर?" गिऱ्हाईक आपलं पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभं. थोरला खुर्चीतून, "बघितलंस? डॉक्टरसुद्धा आधी जीभ बघतो."

दुकानाच्या मागच्या भिंतीवर मात्र एक पट्टी बारा वर्षं खिळ्याला टांगलेली होती. तिच्यावर तांबड्या रंगात, लांबून वाचता येईल असं लिहिलेलं होतं : पैलवान. लाकडाच्या वखारीत थोरल्याला याच नावाने ओळखायचे.

काय दिवस होते ते. उजाडताच दोघं भाऊ निघायचे. मशीन थोरल्याच्या खांद्यावर. पाचरी, कानशी आणि तेलाचा डबा धाकट्याकडे. चहाचा पेला दोघांत एक. झाड पाडायच्या आधी थोरला जमिनीत काठी रोवायचा आणि मग झाड असं पाडायचा, की खोडाने ती काठी खिळ्यासारखी ठोकली जायची. एकदा नाही, दोनदा नाही, दर वेळी; अख्खी वखार बघायला जमायची. खोटं वाटत असेल तर त्या वखारीतल्या कोणालाही विचारा. रात्री साखळीला धार लावायचा तो धाकटाच, हे मात्र थोरला तेव्हा कोणाला सांगत नसे.

मग एक दिवस तो ओंडका आला. दोन माणसांच्या कवेत न मावणारा, पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिलेल्या झाडाचा. त्यातून एक सरळसोट तुळई काढायची होती. पन्नास माणसं भोवती. थोरल्याने कट सुरू केला आणि मशीन डावीकडे ओढायला लागलं. त्याने जोर लावला, तसं ते आणखी वळलं. लाकूड वाया गेलं. तेव्हा थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, "बारक्याने धार एकाच बाजूला लावली. मी काय करणार?"

बारक्या म्हणजे धाकटा. त्याने कानशी गोळा केल्या, पट्टी काढून पोत्यात गुंडाळली. महिन्याभरात थोरल्याचा गुडघा गेला, वखार सुटली, धाकट्याने हे दुकान टाकलं. त्या कटाबद्दल दोघांनी पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

परवा थोरल्याची मुलगी दुकानात आली. झाडं छाटायच्या कामावर तिला घेतलं होतं. सोमवारपासून हजर व्हायचं, मशीन आपलं आपण आणायचं.

"काका, मशीन घरात आहेच. बाबांची पट्टी चालेल का?"

"चालेल म्हणजे? धावेल," थोरला म्हणाला. पण बारा वर्षं त्याच्या मनात एक किडा वळवळत होता : वाकडी पट्टीच असली तर? मग पन्नास माणसांत भावाची अब्रू घेतली ती फुकटच.

धाकट्याने जाड काचेचा तुकडा मेजावर ठेवला. पट्टी खिळ्यावरून काढली, काठ पुसले आणि ती एका काठावर उभी केली. ताठ राहिली. दुसऱ्या काठावर उभी केली. ती हळूच कलली आणि त्याच्या तळहातावर पडली.

"हा काठ एका अंगाने झिजून बसलाय. साखळी कलते, कट वळतो."

"पण दर धारेला पट्टी उलटायची असते ना? म्हणजे दोन्ही काठ सारखे झिजतात," पोरगी म्हणाली.

"असते."

"मग तुम्ही उलटली का नाही?"

धाकटा कानस शोधायला लागला. कानस त्याच्या हातातच होती.

थोरल्याला सगळं आठवलं. एकदा धाकट्याने पट्टी उलटून बसवली होती. नाव आतल्या अंगाला गेलं, तेही डोक्यावर उभं. थोरला केवढा भडकला होता! "लोकांना काय दिसणार, माझं कपाळ? होती तशी कर." त्यानंतर तीन वर्षं ती एकाच काठावर राबली.

पोरीने पट्टी पालथी केली. धूळ पुसली आणि थांबली. "इकडेही लिहिलंय."

मागच्या बाजूलाही पैलवान होतं. अक्षर वाकडंतिकडं, धाकट्याचं.

"हे कधी?" थोरल्याने विचारलं.

"त्या कटानंतर. उलटली तरी नाव बाहेर यावं म्हणून. मग तुझा गुडघा गेला, बसवायची राहूनच गेली."

"तिथंच का नाही बोललास? पन्नास माणसं होती."

"होती म्हणूनच."

 धाकट्याने पट्टी वाइसच्या जबड्यात आवळली आणि उंच राहिलेली कड कानशीने, काटकोन न सोडता, खाली आणत गेला. मधेमधे काचेवर उभी करून बघायचा. मग तारेने काठातली खाच साफ केली, तेव्हा बारा वर्षांपूर्वीचा भुसा तेलासकट बाहेर आला. थोरल्याने चिमूट उचलून नाकाशी नेली. कुबट तेलाशिवाय कसलाच वास नव्हता, तरी त्याने ती चिमूट बराच वेळ टाकली नाही.

दुपारपर्यंत पट्टी दोन्ही काठांवर ताठ उभी राहिली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं.

"बिनघोर ठेवून जा. माझा भाऊ आहे," थोरला म्हणाला. एरवी यापुढे तो बाकीच्यांना नावं ठेवायचा, आज म्हणाला, "वखारीत एकदा मोठ्या ओंडक्याचा कट वाकडा गेला होता, ऐकलं असशील. सगळे याला बोलले. चूक याची नव्हती. माझी होती."

"मी नाही ऐकलं. माझी पट्टी कधी मिळेल?"

"मिळेल रे. आधी हे ऐक, बस." बसायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून थोरला स्वतः उठला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"दादा," आतून धाकटा म्हणाला, "उजेड."

थोरला दारातून बाजूला झाला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.