तीन फुटी बोळातले वळण

माझ्या मेहुण्याने आपल्या गावी, अंजूरला जाऊन सांगितले की, बहिणीचे प्रेत घरात असताना भावोजी गणित सोडवत बसले होते. पुतण्या सांगतो, दुःखाने काकांचे डोके फिरले होते. दोघांनाही काही कळलेले नाही. गणित मी मांडले होते, आणि डोके ठिकाणावर ठेवून मांडले होते.

धामणकर नाक्यामागे आमचे घर. शेजारच्या लूमच्या शेडची भिंत पुढे आल्यापासून आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत तीन फुटी बोळ उरला आहे, आणि तो मध्येच काटकोनात वळतो. म्हणून आमच्या ओळीत माणूस गेले की त्याला खुर्चीला बांधून बाहेर काढतात. तिरडी रस्त्यावर बांधतात. समोरच्या म्हातारीला तसे नेताना तिची मान डुलत होती. ते पाहून माझी बायको म्हणाली होती, "मला असं बसवून नेऊ नका हं. आडवीच न्या." मी शब्द दिला होता.

म्हणून त्या सकाळी मी तिरडी दारातच बांधायला लावली. मेहुणा म्हणाला, "भावजी, बांबू वलायचा न्हाय. खुर्ची आना."

"बारावीला तीस वर्षं हेच शिकवलंय मी. तुम्ही सुतळी बघा!"

कॅलेंडरच्या पाठीवर मी आकृती काढली. वळणावर काठीला किती लांबी मिळते, हे ती भिंतीशी कोणता कोन करते त्यावर अवलंबून असते. त्या लांबीचे विकलन शून्य धरले की कोन पंचेचाळीस अंश येतो. तिथे जागा सर्वांत कमी. म्हणून बाहेर पडू शकणारी सर्वांत लांब काठीही तेवढीच, जवळजवळ साडेआठ फूट. आमचे बांबू साडेसात फुटांचे. मी म्हणालो, "उचला."

वळणावर तिरडी अडकली. पुतण्या हळूच म्हणाला, "काका, उभी करावी लागेल."

केली. लूम बंद करून कामगार शेडच्या दारात उभे होते. त्यांतले कोणी हसले असे मेहुणा सांगतो, ते साफ खोटे आहे. त्यांनी माना खाली घातल्या होत्या. सुतळीतून ती खाली घसरू लागली, तेव्हा तिचे तळवे मी छातीने अडवून धरले आणि तसाच उलट पावली चालत रस्त्यापर्यंत आलो.

लोक म्हणतात, मास्तरांचे गणित चुकले. गणित चुकले नाही. मी काठीचे उत्तर काढले, आणि पुस्तकातल्या काठीला रुंदी नसते. तिरडीला दीड फूट होती. दहावे झाल्यावर मी पुन्हा मांडून पाहिले. अशा वळणावर रुंदी लांबीतून दोनदा वजा होते. जवळजवळ साडेपाच फूट उरतात.

माझी बायको पाच फूटही नव्हती. बांबू सव्वादोन फूट कापले असते, तर ती आडवी गेली असती. करवत दारामागेच टांगलेली होती.