ज्योतीराम सगर यांच्या तीन भेटी

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५ या दिवशी खंडेनवमी होती. कोणतेही पंचांग उघडून हे पडताळता येईल. यापुढील मजकुरापैकी काही माझ्या नोंदवहीतला आहे, काही ज्योतीराम सगर यांनी स्वतः सांगितलेला आहे, आणि एक महत्त्वाचा भाग माझ्या वडिलांच्या कबुलीवर उभा आहे. त्या कबुलीला दुसरा पुरावा नाही. तरीही मी ती खरी मानते.

ज्योतीराम सगर उमरगा तालुक्यातले, वय चौतीस. आधी ते चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर मशीन चालवत. ऑर्डरी घटल्या तेव्हा कंत्राट संपले. मग ते आमच्या भागातल्या एका लहान इंटरनेट कंपनीत केबल जोडण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामाला लागले. हेही कंत्राटावरच. कासारवाडीत एका खोलीत चौघांबरोबर राहत. पत्नी करिष्मा आणि सहा वर्षांची मुलगी गावी होत्या.

आमचे घर निगडी प्राधिकरणात. या औद्योगिक पट्ट्यातले पहिल्या पिढीचे कामगार निवृत्तीनंतर गावोगाव परतले आहेत. त्यांच्या मुलाखती घरबसल्या, इंटरनेटवरून ध्वनिमुद्रित करणे हे माझे काम. ३ ऑक्टोबरपासून आमचे कनेक्शन तुटू लागले. पाच-सात मिनिटे जायचे, परत यायचे. ओतशाळेत आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांची मुलाखत चार वेळा तुटली आणि पाचव्या वेळी त्यांनी फोनच उचलला नाही. मी वही काढली आणि प्रत्येक खंडाची तारीख, वेळ आणि कालावधी लिहू लागले.

सोमवारी, ६ तारखेला सगर प्रथम आले. भिंतीवरच्या डबीपाशी त्यांनी मीटर लावला.

"ताई, भिंतीपर्यंत सिग्नल बरोबर यायलाय," ते म्हणाले. मग मोडेममध्ये खोचलेली पिवळी केबल त्यांनी ओढून काढली, खिशातल्या पांढऱ्या फडक्याने तिचे टोक पुसले, टोकाकडे क्षणभर पाहिले आणि ती परत बसवली. "आता बघा."

कनेक्शन नीट चालले. दोन दिवसांनी पुन्हा तुटू लागले.

१३ तारखेला ते दुसऱ्यांदा आले. या वेळी खांबावर चढून त्यांनी तिथला जोड नव्याने केला, खाली येऊन केबलचे टोक पुन्हा पुसले. बाबांनी त्यांना चहा दिला. माझे वडील हरिहर चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, एकतीस वर्षे होते. हाताने काम करणारा माणूस घरात आला की त्यांना गप्पा सुचतात.

"आता हे टिकू द्या बुवा," बाबा म्हणाले. "नाहीतर आमच्या हिची वही भरायची. नेट कधी गेलं, कधी आलं, सगळं सेकंदासकट."

"सेकंद बी?" सगर माझ्याकडे पाहून हसले. "आमच्या चाकणच्या कंपनीत क्वालिटीला एक जण असाच होता, काका. तो लाइनवर आला की मशीनसुद्धा गप चालायची."

"मग सुधारलं का काही?"

"मशीन सुधारल्या. आमी न्हाई."

दोघे खूप हसले. मग चहा संपवताना सगर म्हणाले, "दिवाळीपासून पर्मनंट करतो म्हनलेत. साहेबांची एकच अट हाय, लेखी तक्रार नको. तेवढं झालं की लेकरू आन् तिची आई इकडं आणायचीत. दोन खोल्या बघून ठेवल्यात."

हे मी ऐकले. ते मला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही, कारण त्याच दिवशीच्या पानावर माझ्या अक्षरात ते लिहिलेले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कनेक्शन तीनदा तुटले. दुपारी मी कंपनीला लेखी तक्रार पाठवली. अडतीस नोंदींचा तक्ता, दोन्ही भेटींचा गोषवारा, आणि शेवटी हे वाक्य: "संबंधित कर्मचाऱ्यास बिघाडाचे निदान करता येत नाही असे उपलब्ध पुराव्यावरून दिसते, त्याच्या कौशल्याची तपासणी व्हावी." हे वाक्य लिहिताना मला समाधान वाटले होते. उपलब्ध पुरावा पूर्ण आहे का, हा माझ्या व्यवसायातला पहिला प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. माझा तक्ता बिघाड दिसला त्या दिवसापासून सुरू होत होता. त्याआधी घरात काय घडले याला त्यात रकानाच नव्हता.

१६ तारखेला सगर नवीन मोडेम घेऊन आले. तक्रारीबद्दल त्यांना कळले होते. त्यांनी तो विषय काढला नाही. जुना मोडेम उलटा करून, केबल जिथे बसते त्या छिद्रात त्यांनी टॉर्चने पाहिले. बराच वेळ पाहिले. मोडेमच्या पाठीवर कुंकवाचे बोट उमटलेले होते. तेही त्यांनी पाहिले. मग विचारले, "काका, तुमी टूलरूमला होता न्हाई का?"

"हो," बाबा म्हणाले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"मंजे खंडेनवमी जोरात असनार तुमची."

सगर यांनी नवीन मोडेम जोडला आणि कामाच्या कागदावर लिहिले: मोडेम खराब, बदलला. मी खाली सही केली. त्यानंतर आजतागायत कनेक्शन एकदाही तुटलेले नाही.

दिवाळी झाली. शुक्रवारी, २४ तारखेला कंपनीचे उत्तर आले. तक्रारीची गंभीर दखल घेऊन संबंधित कर्मचाऱ्यास सेवेतून कमी केल्याचे त्यात कळवले होते. मी ते मोठ्याने वाचून दाखवू लागले, आणि शेवटच्या ओळीला माझा आवाज उतरला. बाबांनी हातातला पेला खाली ठेवला.

"त्याची चूक नव्हती," ते म्हणाले. "मी तेल घातलं होतं."

कारखान्यात खंडेनवमीला मशीन थांबवतात, पुसून लख्ख करतात, तेल देतात, मग हार घालतात. पुसल्याशिवाय आणि तेलाशिवाय पूजा झाली असे टूलरूमचा माणूस मानत नाही. निवृत्त झाल्यापासून बाबा घरी शिलाई मशीन, स्कूटर आणि मिक्सरची पूजा करतात. या वर्षी त्यांनी त्यात मोडेम घेतला. मी बाहेर गेले असताना केबल काढली, तेलाच्या फडक्याने तिचे टोक पुसले, आणि छिद्र घट्ट वाटले म्हणून आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. त्या केबलमधून प्रकाश जातो, तिच्या टोकावर धूळसुद्धा चालत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. टोक पुसले की काही काळ चाले. आतले तेल ते पुन्हा माखून टाकी.

"मोडेम कशाला घेतला पूजेत?" मी विचारले.

"तुझं सगळं काम त्याच्यावर चालतं म्हणून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"दुसऱ्या वेळी शंका आली मला. पण एकतीस वर्षं टूलरूमला काढलेल्या माणसानं यंत्र बिघडवलं, हे त्याच्यासमोर बोलवेना." मग ते म्हणाले, "आणि तुझी ती वही."

त्याच दिवशी मी तक्रार मागे घेतल्याचे पत्र पाठवले, कारण सविस्तर लिहिले. उत्तर आले नाही. सोमवारी थेरगावात, डांगे चौकाजवळच्या कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथले पर्यवेक्षक रंगराव यांनी मला बसायला खुर्ची दिली.

"ताई, आता काय उपयोग? पोरगा चांगला होता, मला काय ठाऊक नाही का? पण तुमचा रिपोर्टच असला भारी. मालकांनी मीटिंगमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. म्हणाले, गिऱ्हाईक असं लिहितं, तुम्ही शिका काहीतरी."

"त्यांना परत घ्या. चूक आमच्या घरची होती, मी लेखी दिलंय."

"त्याच्या जागी माणूस आलाय. तुम्ही लिहिता चांगलं, ताई. पण जरा दमानं लिहीत जा."

त्यांनी दिलेल्या क्रमांकावर मी आठवडाभर फोन केले. एकदाच उचलला गेला. मागे यंत्रांचा आवाज होता. सगर पुन्हा चाकणला, कंत्राटावर लागले होते.

"ताई, नेट चालू हाय ना?" त्यांनी आधी विचारले.

मी हो म्हटले. क्षमा मागितली, ती मी लिहून काढलेली होती, आणि वाचताना फार लांब वाटली. त्यांनी मध्ये अडवले नाही. मग मी विचारले, "पहिल्या दिवशी फडक्यानं पुसलंत, तेव्हाच तेल दिसलं होतं का तुम्हाला?"

"काकांना काय बोलू नका, ताई," ते म्हणाले. "जेवणाची सुट्टी संपली. ठेवतो."

बाबांनी सगर यांच्या नावे पत्र लिहिले आहे. पाठवायला पत्ता नाही. कासारवाडीची खोली त्यांनी सोडली. तो क्रमांक आता बंद आहे.

तेल त्यांना पहिल्याच भेटीत दिसले होते का, आणि दिसले असल्यास एका निवृत्त माणसाची लाज राखण्यासाठी ते दोनदा गप्प राहिले का, हे मला ठाऊक नाही. तिसऱ्या भेटीत त्यांना कळले होते, असे माझे मत आहे. ते सिद्ध करता येणार नाही. चाकणमधला कारखाना कोणता, ते ठाऊक नाही. करिष्मा आणि मुलगी अजून गावी आहेत की कुठे, तेही ठाऊक नाही.