मागून न लावलेला हात

आमच्या घरात कुणी कुणाला मागून हात लावत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीच्या एका फोर्जिंग कंपनीत सांडशीवर होते. तापून लाल झालेला तुकडा सांडशीत धरून हॅमरखाली ठेवायचा आणि मान एकदा खाली करायची, की पलीकडचा माणूस हॅमर सोडणार. तिथल्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, सगळा कारभार हातांनी नाहीतर मानेनं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत, सांडशीवरच्या माणसाला मागून हात लावायचा नाही. काम असलं तर समोर जायचं, तळहात दाखवायचा, मग काय ते सांगायचं. माणूस दचकला की हात गेलाच.

अण्णांनी हा नियम घरी आणला. दोन खोल्यांत ना भट्टी ना हॅमर, तरी नियम होताच. लहानपणी मी एकदा खेळता खेळता त्यांच्या पाठीवर झेप घेतली. ते असे काही उसळले की मी पलंगाच्या पायाशी जाऊन आपटले. रागावले नाहीत. माझ्यासमोर उकिडवे बसले. मला दिसेल असा तळहात धरला. म्हणाले, "म्होरून येत जा, माय. मागून न्हाई."

त्यानंतर मी कधीच मागून गेले नाही. आईसुद्धा चहा घेऊन समोर जाई, कप दाखवी, अण्णा मान खाली करत, मगच ती कप ठेवी. पाहुण्यांना याची मोठी गंमत वाटे. आम्हाला मात्र ती घरची साधी रीत होती, चपला दाराबाहेर काढतात तशी.

लग्नानंतर मी निगडीला आले आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागले. दिवसभर टेबलावर वाकून पार्ट तपासायचे. पस्तिशीत मान अशी धरली की मागून कुणी हाक मारली तर अख्खं अंग वळवून बघावं लागे. शेजारीण प्राधिकरणात एका बाईंच्या योगवर्गाला जायची, तिच्या नादानं मीही जाऊ लागले. कौतुक म्हणाल तर मला काडीचं नव्हतं. श्वास तर मी जन्मापासून घेतेय, त्याला क्लास कशाला, असा माझा तोरा.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी गुडघे मुडपून, कपाळ जमिनीला टेकवून बालासनात होते. बाई मागून आल्या आणि मदत म्हणून त्यांनी माझ्या कमरेवर अलगद तळवे ठेवले. माझं कोपर कधी उठलं ते मलाच कळलं नाही. बाईंचा चष्मा भिंतीपाशी जाऊन पडला आणि बाई खाली बसल्या. माफी मागायची सोडून मी वर ओरडले, "मागून कशाला येता?"

बाई शहाण्या होत्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं, अर्थात समोरून, आणि एका समुपदेशक मॅडमचा पत्ता दिला. मी नाक मुरडतच गेले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "लहानपणी घरी कुणी मारायचं का? वडील वगैरे?" मी नाही म्हटलं. त्यांनी तेच जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं. माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, त्याला ही बाई गुन्हेगार ठरवायला निघाली होती!

"आमच्या अण्णांनी मला कधी हातसुद्धा लावला नाही," असं म्हणून मी पर्स उचलली आणि तरातरा बाहेर पडले.

बसमध्ये बसले आणि माझंच वाक्य माझ्या कानात परत वाजायला लागलं. हातसुद्धा लावला नाही. खरंच तर होतं. दहावी झाले तेव्हा अण्णांनी समोर येऊन माझ्या हातावर पेढा ठेवला होता, पाठीवर थाप नव्हती मारली. सासरी निघाले तेव्हा सगळे गळ्यात पडून रडले. अण्णा तेवढे लांब उभे होते, तळहात वर करून. त्यांनी मला मारलं नव्हतं आणि जवळही घेतलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, पाठोपाठ त्यांची कीव आली, आणि निगडीचा शेवटचा स्टॉप येऊनही मी तशीच बसून राहिले. शेवटी कंडक्टरनं हाक मारून उतरवलं.

मॅडमकडे परत जायला लाज वाटत होती, पण गेले. त्यांनीही आपला अंदाज चुकला हे मोकळेपणानं कबूल केलं. मग बरेच महिने मी त्यांच्याकडे बोलायला आणि बाईंकडे आसनांना जात राहिले. मान सुटायला लागली. हळूहळू मीच यात इतकी ओढली गेले की आसनांचं आणि आखडलेलं अंग मोकळं करण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि पुढे नोकरी सोडली. आम्ही चऱ्होलीत राहायला आलो, तिथे एका खोलीत माझं काम सुरू झालं. कंपन्यांतली माणसं येतात, कुणाची कंबर धरलेली, कुणाला झोप नाही. मी आधी समोर बसते, तळहात दाखवते, त्यांनी हो म्हटलं की मगच हात लावते. लोकांना वाटतं मी हे कुठल्याशा कोर्समध्ये शिकले.

आई गेली आणि अण्णा आमच्याकडे आले. एव्हाना त्यांचे कान जवळजवळ गेले होते. वर्षभरात उजवा खांदा आखडला. शर्टाची बाही चढवता येईना, घास तोंडाशी जाईना. डाव्या हातानं जेवायची त्यांना इतकी लाज वाटायची की ते आमच्याबरोबर पानावर बसेनासे झाले. ताट खोलीत नेत आणि दार लोटून घेत. डॉक्टर म्हणाले, खांदा हलवला नाही तर हात असाच राहील. व्यायाम करून घ्यायला एक मुलगा घरी आला. त्यानं मागून खांदा धरला, अण्णांनी त्याला कपाटावर ढकललं. तो काही परत आला नाही.

"अण्णा, मी करू?" मी ओरडून विचारलं.

"पोरीनं बापाचं अंग दाबायचं व्हय? न्हाई."

मग मी बोलणंच सोडलं. रोज सकाळी गॅलरीत त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे, तळहात दाखवायचे आणि सावकाश श्वास घेत राहायचे. ते पेपर वर धरून तोंड लपवायचे. एके दिवशी त्यांनी पेपर मांडीवर ठेवला आणि हात पुढे केला. मनगट, कोपर, दंड, जेवढं समोरून जमेल तेवढं मी केलं. पण खरी गाठ पाठीवर, खांद्यामागच्या फऱ्याच्या हाडाखाली होती. मी खुणेनं सांगितलं, मागून यावं लागेल. त्यांनी जोरजोरात मान हलवली. मी तो विषय सोडून दिला. मनातून मात्र पार खचले. इतक्या लोकांच्या पाठी मोकळ्या केल्या आणि आपला बाप दाराआड एकटा जेवतो, हे मला सोसत नव्हतं.

परवा सकाळी मी गॅलरीत गेले तर अण्णांची खुर्ची उलटी होती. तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. मी मागे उभी राहिले, माझी सावली त्यांच्यासमोरच्या भिंतीवर पडली. त्या पाठीवर पूर्वी एकदाच झेप घेतली होती आणि तेव्हाची भीती अजून गेली नव्हती. हात उचलवेना. अण्णाही हलेनात. मग त्यांची मान एकदा खाली गेली.

मी हात ठेवला. सगळी पाठ दचकली. खुर्ची कुरकुरली, पण अण्णा उठले नाहीत. त्यांचं काळीज धडधडताना मला तळहाताखाली कळत होतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिथंच, माय."

त्यांना ऐकू येत नव्हतं आणि माझं तोंडही दिसत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं रडले. हात तेवढा हलू दिला नाही.