यंदाचा भोपळा

लोहारा तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाच्या सणाला लोक शेतातला माल वेदीपुढं आणून ठेवतात. उपासना संपली की चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव होतो. उडदाचं गाठोडं, अंडी, एखादी कोंबडी. शेवटी भोपळा. भोपळ्याचे पैसे तरुण संघाला, ही जुनी रीत.

गेल्या वर्षी भोपळ्याची बोली इतकी चढली की बाजारभावाशी तिचा संबंध उरला नाही. संघाची खजिनदार औषधाच्या दुकानात काम करायची. तिनं तोच आकडा धरून दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिराचा खर्च मांडला. बोली जीपवाल्या अण्णांची होती. "सोयाबीन विकलं की देतो," ते म्हणाले. सोयाबीनला भाव आला नाही, पोती घरातच राहिली. शिबिर हुकलं. मुलांनी भरलेल्या पिशव्या परत उपसल्या.

मला कोडं पडलं. अण्णांची जीप लोहाऱ्याच्या रस्त्यावर चालते आणि कुणाही प्रवाशाचे सुटे पैसे ते ठेवून घेत नाहीत. मग इथंच हे निवांत कसे? मी विचारलं. ते हसले. "तितं सगळेच चढवून बोलतेत. खिशात हात घालून कोण बोलतंय?"

यंदा भोपळा टेबलावर आला तेव्हा खजिनदार पुढं झाली.

"यंदा पैशात बोली नको. शिबिराला गाडी पाहिजे, तांदूळ, डाळ, तेल पाहिजे. ज्याला जे जमतंय त्यानं ते बोलावं. यंदाही हुकलं तर संघाच्या दानपेटीची चावी पाळकसाहेबांकडं देऊन मी खजिनदारी सोडणार."

पहिल्या रांगेतल्या एका आजीनं विचारलं, "समदेच बोलले तर भोपळा न्यायचा कुणी?"

"शिबिरात शिजवू, आजी."

"मंग पोरांचाच झाला की! माझं तेल लिव्ह."

तांदूळ आले, डाळ आली. गाडीचं कुणी बोलेना. मागून एकानं अण्णांना डिवचलं, "अण्णा, मागचा भोपळा पचला का?"

अण्णा उठले. "जीप. नेऊन-आणून. डिझेल माझं."

"सोयाबीन विकल्यावर का?"

"जीप काय पोत्यात भरून ठेवली व्हय?"

तांदूळ, डाळ, तेल त्याच संध्याकाळी चर्चमध्ये पोहोचलं. ज्यांच्याकडून नोटा सुटत नव्हत्या, त्यांच्या घरातून डबे इतक्या सहज कसे सुटले, याचं मला नवल वाटलं. जीप मात्र अजून नुसती बोलीच होती.

शिबिराचा दिवस नेमका बाजाराचा निघाला. बाजाराच्या दिवशी जीपवाल्याला एक फेरीही सोडवत नाही. मुलं पिशव्या घेऊन चर्चच्या फाटकाशी उभी होती. खजिनदार रस्त्याकडं बघत होती. चावी तिच्या मुठीत होती.

जीप वळणावर दिसली. थांब्यावरच्या बाजारकऱ्यांनी हात केले. ती त्यांच्यासमोरून रिकामीच पुढं आली आणि फाटकाशी थांबली. मुलं आत घुसली, भोपळा कुणाच्या तरी मांडीवर गेला.

अण्णांनी खिडकीतून विचारलं, "फिटलं का पोरी मागचं?"

"हे यंदाचं, अण्णा. मागचं राहिलंय."

अण्णा मोठ्यानं हसले. "लई पक्की हाईस. बस म्होरं."

तिनं चावी पर्समध्ये टाकली आणि पुढच्या सीटवर बसली.