एकदा शाळेत आणावा लागेल

भूमितीच्या बाईंचा पाय मोडला तो शाळेतच. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कुणीतरी बदक काढून ठेवलं होतं, ते पुसायला त्या स्टुलावर चढल्या. बदक पुसलं गेलं आणि स्टूल सरकलं. मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा जिना उतरायचं नावही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. बाईंना पायापेक्षा दहावीच्या वर्गाची काळजी जास्त. त्या पोरींना त्यांनी आठवीपासून तयार केलं होतं. कोण वर्तुळ दिसलं की गांगरते आणि कोण सिद्धता न समजता घोकून लिहिते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. आणि नेमका वर्तुळाचा धडा अर्धा राहिला होता.

मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांचा निरोप आला: शाळा लॅपटॉप देईल, घरून पडद्यावर शिकवा. सोमवारी सकाळी तास सुरू झाला तर वर्ग तुमचाच. नाही झाला तर वर्ग नव्या शिक्षिकेकडे जाईल, तो वर्ष संपेपर्यंत, कारण मुलींचं आणखी नुकसान नको. यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच बाईंना तो निरोप जास्त झोंबला.

शुक्रवारी शाळेचे शिपाईमामा लॅपटॉप घेऊन तिन्ही जिने चढून आले. पाणी प्यायले, पायाची चौकशी केली आणि गेले. बाईंनी मांडीवर उशी घेतली, उशीवर लॅपटॉप ठेवला, आपलं नाव टाकलं, स्टाफरूमच्या संगणकावर रोज टाकायच्या तोच पासवर्ड टाकला. लॅपटॉपने बराच विचार केला आणि शाळेच्या नेटवर्कशी संपर्क होत नाही म्हणून कळवलं. घरातलं इंटरनेट तर धडधडीत चालू होतं. शेजारी पडलेल्या फोनवर धाकटी जाऊ चेहरा दाखवून हालहवाल विचारत होती. बाईंनी तिला आटोपतं घ्यायला लावलं. लॅपटॉप बंद केला, सुरू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, या वेळी एकेक अक्षर सावकाश, कच्च्या विद्यार्थ्याला शुद्धलेखन घालावं तसं. उत्तर तेच. संध्याकाळपर्यंत हाच उद्योग चालला असता, पण बाईंनी शेवटी संगणकाच्या सरांना फोन लावला.

सर वयाने लहान, स्वभावाने गोड आणि दर वाक्यात ‘फक्त’ म्हणणारे. त्यांनी समजावलं की लॅपटॉप नवा आहे, त्याने बाईंना अजून पाहिलेलं नाही. पहिल्या वेळी तो शाळेला विचारतो, या कोण म्हणून, आणि बाईंच्या घरातून त्याला शाळेला विचारताच येत नाही. एकदा ओळख पटली की मग तो कुठेही उघडेल.

“फक्त एकदा शाळेत आणावा लागेल, बाई.”

“मला शाळेत येता आलं असतं, तर हा मला कशाला दिला असता?”

सरांनी जरा विचार केला. बाईंचं म्हणणं बरोबर आहे, पण सेटिंग तसं आहे, असं ते म्हणाले. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. ज्याला येता येत नाही त्याच्यासाठी आणलेली वस्तू, आणि ती चालणार कोणाकडे, तर ज्याला येता येतं त्याच्याकडे. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा वर्गात उभं करून सिद्ध करायला लावलं पाहिजे, असं त्यांना वाटलं.

बाईंचे यजमान शिंपी. खालच्या गल्लीत त्यांचं दुकान. त्यांना हा प्रकार लगेच पटला, आणि त्याचा बाईंना वेगळाच राग आला. माप घ्यायला माणूस समोर लागतोच, निरोपावर मी तरी कुठे ब्लाऊज शिवतो, असं म्हणून त्यांनी लॅपटॉप कापडी पिशवीत घातला आणि स्कूटर काढली. तासाभराने परत आले, पिशवी पलंगावर ठेवली आणि म्हणाले, झालं, सरांनी स्वतः लावून बघितलं, एकदम झकास चालतोय.

चालत होताच. बाईंनी झाकण उघडलं तर पडद्यावर संगणकाच्या सरांचं नाव. सरांनी आपल्या नावाने आत जाऊन सगळं तपासलं होतं, समाधानाने मान डोलावली असेल आणि बंद केलं होतं. लॅपटॉपची सरांशी पक्की ओळख झाली होती. बाई त्याला सकाळइतक्याच अनोळखी होत्या. फोन केला तर सर बसमध्ये, चार दिवसांच्या रजेवर निघालेले. फक्त तेवढंच राहिलं बाई, एवढं त्यांचं ऐकू आलं आणि फोन तुटला. बाईंनी उशी भिंतीवर फेकली. लॅपटॉप आपला असता तर तोही फेकला असता. मग त्या चक्क रडल्या, दुखण्याने नाही, नुसत्या संतापाने. यजमानांनी उशी उचलून जागेवर ठेवली. बोलायची ती वेळ नव्हती, एवढं त्यांना संसारात कळलं होतं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. यजमानांनी गिऱ्हाईक अर्ध्या मापावर सोडलं आणि पुन्हा पिशवी घेऊन गेले. बाई फोन हातात धरून बसल्या. शाळा सुटायला आली तेव्हा फोन वाजला, पण आवाज यजमानांचा नव्हता.

मोठ्या बाई बोलत होत्या. संगणकाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे होती. यजमान चष्मा दुकानात विसरून आले होते, त्यांना अक्षरंच लागत नव्हती, म्हणून त्या स्वतः बसल्या होत्या.

“नाव टाकलंय. पासवर्ड सांगा, बाई.”

बाईंनी फोन कानापासून लांब धरला.

फार वर्षांपूर्वी बाईंच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परीक्षेचे दिवस होते. बाई अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेल्या, डोळा, आई, एकटी, असं काहीबाही सांगू लागल्या, तेव्हा मोठ्या बाई कागदांवरून मान वर न करता म्हणाल्या होत्या, “कारणं सांगू नका.” बाई परीक्षेवर देखरेख करत राहिल्या. आई एका डोळ्यावर पट्टी बांधून, दुसऱ्या डोळ्याने बसचा नंबर वाचत एकटी घरी आली. त्याच आठवड्यात शाळेत संगणक आले आणि प्रत्येकीला पासवर्ड ठरवायला सांगितलं. बाईंनी तेच तीन शब्द इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता टाकले. तेव्हापासून कामाला लागण्याआधी त्या रोज ते टाकत, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांना बरं वाटायचं.

यजमानांनाच टाकायला सांगा, असं बाईंनी म्हणून बघितलं. त्यांना दिसत नाही, मोठ्या बाई म्हणाल्या. मग नवा पासवर्ड करून द्या, बाई म्हणाल्या. तो फक्त सरच करू शकतात आणि ते रजेवर आहेत, असं उत्तर आलं. मागून शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली. बाईंनी पोरींचे चेहरे आठवले, वर्तुळाला गांगरणारीचा तर आधी. मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं, इंग्रजी अक्षरांसकट.

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला, सावकाश, एकेक. बाई एकेक कळ मोजत होत्या. वर्ग गेला, असं त्यांना स्वच्छ वाटलं.

“आत गेला,” मोठ्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “आईंचा तो डोळा आता कसा आहे?”

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. मान खाली घालून का होईना, तेव्हा सगळं ऐकलं होतं. एवढी वर्षं पोसलेला राग एका प्रश्नात हातातून चालला, याचाच बाईंना राग आला.

“बरा आहे. पेपर वाचते.”

“बरं. सोमवारी नऊला मुलींना बसवून ठेवते.” मोठ्या बाई जरा घुटमळल्या. “पासवर्ड आता मला कळलाय, तेव्हा बदलून टाका.”

“तोही म्हणे शाळेत आल्याशिवाय बदलत नाही.”

“मग पाय बरा होईपर्यंत रोज तोच टाकावा लागेल तुम्हाला,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि फोन यजमानांकडे दिला.