चौथे दत्तक

काशीत मंगला गौरीजवळच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे सदराला म्हणत. दिवाणी दावे चालवणाऱ्या वरच्या दर्जाच्या देशी न्यायाधीशाला इकडच्या लोकांचा हा जुना शब्द आहे. मी त्यांना काका म्हणत असे. नात्याने ते माझे कोणी नव्हते. त्यांचे घर आमच्यापासून अकरा दारे सोडून होते, एवढेच.

ते वारल्यावर गल्लीतल्या मंडळींनी त्यांच्या गौरवाची दोन छापील पाने काढली. त्यातला मजकूर खरा आहे. माझ्या बहिणीच्या दाव्याबद्दल मात्र त्यात एक ओळही नाही. ती असायला हवी होती असे मला वाटते, म्हणून मी हे लिहीत आहे.

काकांचे वडील पंचगंगा घाटावर दक्षिणेकडून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करत. मुलानेही तेच करावे, अशी त्यांची इच्छा. काका चौदाव्या वर्षी पाठशाळा सोडून इंग्रजी शाळेत गेले, तेव्हा वडील सात महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. वकिलीची परीक्षा ते दुसऱ्या खेपेला पास झाले. नऊ वर्षे वकिली केली, मग मुन्सफ, म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टाचे न्यायाधीश, झाले, आणि पुढची अठरा वर्षे पाच गावांत बदल्या घेत काढली. कुठे एक्का, कुठे बैलगाडी. काकू देवांचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या. दोन मुले त्यांनी अशाच गावांत गमावली. शेवटी सदराला होऊन ते काशीला आले, तेव्हा केस पांढरे झाले होते आणि घरात दोघेच होते.

कोर्टात असेपर्यंत त्यांनी गल्लीतल्या कोणाकडे पाण्याशिवाय काही घेतले नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो, तर दारातच हात जोडत. "गोड मी बोलतोच रे. वडी नको." लोक हसत. आमच्या शेजारच्या मावशी म्हणत, "वडीत काय दस्तऐवज भरलाय का आम्ही?"

माझा त्यांच्यावर जीव होता. मी लहान असताना, वकिलीच्या दिवसांत, ते मला गणित शिकवत. 'अंदाजे' हा शब्द त्यांना खपत नसे. "मोजलं असेल तर सांग. नसेल तर मोजलं नाही म्हण." पुढे मी शाळेत गणिताचाच मास्तर झालो. माझ्या बोलण्याला गल्लीत जी किंमत होती, ती त्यांच्या त्या शिकवणीची.

आता ताईचे सांगतो. ती माझी थोरली बहीण. तिचे यजमान पटकीने दीड दिवसात गेले. मूल नव्हते. भावाशी त्यांची वाटणी आधीच झाली होती, त्यामुळे घर त्यांचे एकट्याचे होते. तीन वर्षांनी ताईने सासरच्या भाऊबंदांतला सहा वर्षांचा मुलगा रीतसर दत्तक घेतला. होम झाला, मुलगा मांडीवर बसला, चाळीस पाने उठली. धाकटे दीर त्या पंगतीत जेवले. पुढे नऊ वर्षांनी त्यांनीच दावा लावला की दत्तक खोटे आहे.

मुद्दा एकच होता. काशीकडच्या शास्त्राप्रमाणे विधवेला दत्तक घ्यायचे तर नवऱ्याने जिवंतपणी तशी परवानगी दिलेली लागते. आमच्या मूळ मुलखात, दक्षिणेत, ती लागत नाही. माणूस गाव सोडून गेला तरी घरचा कायदा त्याच्याबरोबर जातो, हे कोर्ट मानते; पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून त्याने इथलीच रीत धरली, असे दाखवले तर मात्र इथला कायदा लागतो. आमची घरे इथे पाचव्या पिढीत आहेत. तेव्हा कोर्टाने ठरवायचे ते हे, की आम्ही अजून तिकडचे की इकडचे. त्यावर तो मुलगा ताईचा राहणार की नाही, हे ठरणार होते.

आमच्या वकिलांनी सोपी वाट सुचवली होती. ते इकडचेच. म्हणाले, "बहनजी, इतना कह दीजिए कि मरते वक्त मालिक ने कहा था." ताई म्हणाली, "त्यांना सांग, शेवटी ते फक्त पाणी मागत होते." मी तसे हिंदीत सांगितले. वकिलांनी कपाळाला हात लावला.

दावा काकांच्याच पुढे आला. आम्हाला बरे वाटले. घरचा माणूस म्हणून नव्हे, कारण ते घरचेपण दाखवणार नाहीत हे ठाऊक होते. निदान आमच्या रीती त्यांना समजावून सांगाव्या लागणार नाहीत, एवढेच वाटले.

साक्ष माझी होती. लग्ने अजून दक्षिणेतल्या घरांशी होतात, घरात मराठी बोलतो, व्रतांचे महिने इकडच्यासारखे पौर्णिमेला नव्हे, अमावास्येला संपवतो, हे सगळे मी सांगितले. मग दिरांचे वकील उठले. त्यांनी अदबीने विचारले, "मास्टर साहब, आप गिनती के पक्के आदमी हैं. आपके लोगों में विधवा ने गोद लिया, ऐसे कितने मौके आपको मालूम हैं? यह मुकदमा छोड़कर."

मी मनात घरे मोजली. "तीन."

"और उनमें पति की इजाज़त कितनों में थी?"

"तीनों में."

ते म्हणाले, "बस," आणि बसले. मी आमच्या वकिलांकडे पाहिले. ते कागद चाळत होते. मला पुढे सांगायचे होते की त्या तिघींचे नवरे महिनोन्‌महिने आजारी होते, मूल नाही हे त्यांना दिसत होते, त्यांनी आपण होऊनच सांगून ठेवले. परवानगी होती ती लागते म्हणून नव्हे. पण कोणी विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय बोलू नये हेही मी काकांकडूनच शिकलो होतो. मी वर पाहिले. काका खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी मला काहीही विचारले नाही.

बाहेर आल्यावर ताईने विचारले, "झालं का रे नीट?" मी म्हणालो, "खरं ते सांगितलं."

निकाल दिरांच्या बाजूने गेला. त्यात माझ्याबद्दल चांगले लिहिले होते: हा साक्षीदार प्रतिवादीचा सख्खा भाऊ असूनही त्याने आकडा लपवला नाही, म्हणून तोच आकडा सर्वांत भरवशाचा. तीनपैकी तीन. या लोकांनी इथली रीत धरली आहे. ताई हयात असेपर्यंत घरात राहील, नंतर घर दिरांचे. मुलगा ताईच्या यजमानांचा वारस नाही.

मी ते मराठीत करून ताईला वाचून दाखवले. तिने एवढेच विचारले, "म्हणजे मी त्याला काय म्हणून हाक मारायची?"

आम्ही वरच्या कोर्टात अपील केले. त्यानंतर चार महिन्यांनी काका निवृत्त झाले. त्यांच्याकडे जाणे मी सोडले होते. एका रविवारी सकाळी ते स्वतः आमच्या दाराशी आले आणि म्हणाले, "गंगेपलीकडे रामनगरला जाऊन येऊ. चल." नाही म्हणायची मला सवय नव्हती.

नावेत आम्ही दोघे आणि नावाडी. नावाड्याला मराठी येत नव्हती. मला वाटते, म्हणूनच काकांनी नाव निवडली. अर्धे पात्र ओलांडले. मग काका म्हणाले, "तू तीन सांगितलीस. चार होती."

मी म्हणालो, "चौथं कुठलं?"

"माझे वडील. त्यांना एका विधवेने घेतलं. नवरा यात्रेकरूंबरोबर गयेला गेला आणि वाटेतच वारला. परवानगी कसली नि काय! तुला ठाऊक असायचं कारण नाही, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. आता गल्लीत जाणणारा मी एकटा."

मी विचारले, "मग लिहिलं का नाहीत?"

"पुराव्यात नव्हतं. जज स्वतःला ठाऊक असलेल्यावर निकाल देत नाही. समोर आलेल्यावर देतो."

"मग दावा दुसऱ्याकडे पाठवायचा."

"पाठवता आला असता," ते म्हणाले. "कारण लिहावं लागलं असतं. माझ्या घरावर कोणी दावा लावील ही भीती नव्हती रे, त्याची मुदत केव्हाच टळली होती. पण लोक म्हणाले असते, दक्षिणी जज, दक्षिणी बाई, आणि जजाच्याच घरात तसलं दत्तक. इतकी वर्षं असं कोणी म्हणालं नव्हतं. शेवटच्या वर्षात म्हणायला नको होतं मला."

नावाड्याने विचारले, "बाबूजी, घाट पर लगाएँ कि आगे?" काकांना ऐकू गेले नाही. मीच सांगितले, लाव.

रामनगरला उतरून आम्ही बाजारात काहीच घेतले नाही. एका बाकावर बसलो. तिथे त्यांनी मला अमेरिकेची एक गोष्ट सांगितली. तिकडचे सर्वोच्च कोर्ट नवे होते, तेव्हा तिथले न्यायाधीश घोड्यावरून, गाडीतून मैलोन्‌मैल हिंडत, गावोगाव खटले चालवत. त्यांतल्या एकाचे चरित्र त्यांनी मुन्सफीच्या दिवसांत वाचले होते. "चिखल, पडकी धर्मशाळा, तापाने आजारी बायको. सगळं माझंच वाटलं. पण त्यांना एक सोय होती. गावात दिलेला निकाल अपिलात वर गेला, की कधी कधी वर बसायला तेच. स्वतःची चूक स्वतः पाहायची. लोक त्याला दोष म्हणत, आणि दोष आहेच तो." ते हसले नाहीत. "मला हेवा वाटतो."

मी म्हणालो, "तुम्ही प्रतिज्ञेवर लिहून द्या. अपिलात लावू."

"देतो," ते म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी दिले. सव्वादोन पाने, स्वतःच्या अक्षरात.

मी ते ताईला दाखवले. काकांवर ती रागावेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "त्या बाईने काकांच्या वडलांना वाढवलं, आणि तिचं नाव काढायला यांना एवढी वर्षं लागली." मग म्हणाली, "बरं झालं, काढलं."

अपील उभे राहण्याआधीच, कार्तिकात, ताई गेली. न्यूमोनिया. आजार आठ दिवसांचा. मणिकर्णिकेवर लाकडे रचली गेली आणि धाकटे दीर सोवळे नेसून पुढे आले. ते वाईट माणूस नव्हते. तीन मुलगे, घर लहान. म्हणाले, "मास्तर, निकाल आहे. वहिनींना अग्नी मी देणार. नाहीतर क्रियाच लागायची नाही." मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. डोके भादरून, ओल्या पंच्याने तो उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. निकाल मीच वाचून दाखवला होता.

मंडळींत काका होते. मागून पुढे आले. त्यांना खोकला फार झाला होता. म्हणाले, "निकाल माझा आहे. तो घराचा आहे, चितेचा नाही."

कोणीतरी हळूच म्हणाले, "आता आठवलं होय सदरालांना!"

"हो, आता," काका म्हणाले. "माझे वडील विधवेने घेतलेले. विनापरवानगी. तिला अग्नी त्यांनी याच घाटावर दिला. ऐकलं ना सगळ्यांनी? मी कोर्टात सांगितलं नाही, इथे सांगतो." मग मुलाकडे वळून, "जा बाळ. आईला दे."

दिरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि हातातले पेटते गवत मुलाच्या हातात दिले. त्यांनाही, मला वाटते, सुटल्यासारखे झाले. मुलगा तीन फेरे फिरला. काका शेवटपर्यंत उभे राहिले. त्यांना बसा म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही.

अपील पुढच्या पावसाळ्यात फेटाळले गेले. काकांची सव्वादोन पाने वरच्या कोर्टाने घेतली नाहीत. खाली ज्याने निकाल दिला, त्यानेच वर येऊन पुरावा द्यायचा, हे चालत नाही. मी ते कारण पुष्कळदा वाचले. त्यात मला चूक सापडली नाही. निकाल ऐकायला काका नव्हते. ते वैशाखातच गेले. शेवटच्या आजारात मी रोज जात असे. ते विचारत, "तारीख लागली?" मी म्हणे, "नाही अजून." एवढेच आमचे बोलणे.

महिन्याभरात घर दिरांना दिले. मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या जन्मघरी त्याच्या भावांनी वाटण्या केल्या होत्या. त्यांत तो नव्हता, कारण तो दिलेला मुलगा. त्याची जन्मदाती आई येऊन रडली, पण घेऊन जाते म्हणाली नाही.

भाद्रपदात, पितृपक्षात ताईच्या तिथीला, तो तिचे श्राद्ध करायला बसला. शास्त्रीबुवा नवे होते, त्यांना काही ठाऊक नव्हते. त्यांनी रीतीप्रमाणे विचारले, "वडिलांचं नाव? आजोबांचं?" मुलाने हातातली पळी खाली ठेवली. "मामा," तो म्हणाला, "कुठलं सांगू?"

शास्त्रीबुवा माझ्याकडे पाहू लागले. माझ्या पेटीत दोन कोर्टांचे निकाल होते, दोन्हींत हे दत्तक खरे नाही असेच लिहिले होते, आणि त्यांतला पहिला माझ्या साक्षीवर उभा होता. मी ताईच्या यजमानांचे नाव सांगितले, मग त्यांच्या वडिलांचे. मुलाने ते माझ्यामागून म्हटले, आणि शास्त्रीबुवांनी पुढचा मंत्र सुरू केला.